टायर फुटला, तर?



परीक्षा संपल्या, निकालही लागला. आता आपल्यापैकी कित्येक कुटुंबे नेहमीप्रमाणे आजोळी, लग्नामुंजीला नाशिक-पुण्याकडे निघतील. पूर्वी आपण महामंडळाच्या बसने जात असू. आता बहुतेकांच्या दारात गाडी आहे आणि सेंधव्याचा घाट उतरून धुळ्याकडे स्वतःच चालवत जाण्याची हौसही आहे. म्हणून यंदा सुटीच्या अंकात अभ्यासाविषयी न लिहिता टायरविषयी लिहीत आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे भाषेत कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे.

मे २०२३ मध्ये भाच्याच्या लग्नासाठी आम्ही सपत्नीक पुण्याला निघालो होतो. जुलवानियाच्या पुढे, दुपारी एकच्या सुमारास, वेग नव्वदच्या आसपास असताना धडाम असा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढली जाऊ लागली. पुढचा डावा टायर फुटला होता. त्या क्षणी आमचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. शेजारून सौ. ओरडल्या, "अहो, ब्रेक नका दाबू!" त्यांनी हे कुठे वाचले होते ते आजही सांगत नाहीत, पण त्या ओरडल्या म्हणून आज हा लेख लिहीत आहोत.

जोरात ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, फुटलेल्या चाकाच्या बाजूला ओढ आणखी वाढते आणि गाडी गरकन फिरते, उलटतेसुद्धा. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ रेषेत ठेवायची, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. वेग पुरेसा कमी झाल्यावरच हलका ब्रेक लावून डावीकडे कडेला यायचे. पुढचे चाक फुटले तर ओढ हाताला कळते, मागचे फुटले तर गाडीची शेपटी हलल्यासारखी वाटते. करायचे मात्र तेच. आमची गाडी कडेच्या कठड्याला घासून थांबली. मडगार्ड आणि बंपर गेला, माणसे वाचली. दोघांनीही सीटबेल्ट लावलेले होते.

टायर फुटतो कशाने? अकरावीच्या मुलांना वाटेल, उन्हाने आतली हवा तापली, दाब वाढला, फुटला. गणित करून पाहा. सकाळी पंचवीस अंशांवर ३३ पीएसआय हवा भरली आणि टायर पासष्ट अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे ३९ होतो (वातावरणाचा दाब मिळवून आणि तापमान केल्विनमध्ये घेऊन करावे, नाहीतर उत्तर चुकेल). धडधाकट टायर एवढा दाब सहज सोसतो. खरा शत्रू उलटाच आहे, कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि उठते. त्या घडीघडीने रबर आतून तापते, आतल्या दोऱ्यांचा आणि रबराचा जोड सुटतो, आणि मग एखाद्या वेगात सगळे एकदम जाते. म्हणून 'उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवा' हा जो सल्ला पंपावर हमखास मिळतो तो ऐकू नये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने आकडा चिकटवलेला असतो, तोच धरावा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. स्टेपनीचीही. आमच्या स्टेपनीत त्या दिवशी जेमतेम धुळ्यापर्यंत पोहोचण्याइतकी हवा होती.

टायरचे वयही पाहावे. बाजूला लहान चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून घेतलेला टायर दुकानात किती वर्षे पडून होता ते यावरून कळते.

आता भरपाईचे. तिथे आमची मोठी चूक झाली. स्टेपनी लावून देणारा पंक्चरवाला म्हणाला, "बाबूजी, इस टायर का क्या करोगे, छोड़ जाओ," आणि आम्ही सोडून दिला. रात्री पुण्यात बिल काढून पाहिले तर टायर जेमतेम चौदा महिन्यांचा, उत्पादनातील दोषाची हमी अजून चालू. पण दोष होता की नव्हता हे सांगणारा एकमेव साक्षीदार तो टायर, आणि तो आम्ही भंगारात दिलेला! आठ दिवसांनी दुसरा भाचा इंदूरला येत होता, त्याने त्या दुकानी चौकशी केली. नशिबाने तो तिथेच पडलेला होता.

दुकानदारामार्फत कंपनीच्या इंजिनियरने तपासला. लेखी उत्तर आले, हवा कमी असताना चालवल्याने फुटला, दोष नाही. आम्हाला राग आला. ग्राहक आयोगात जायचे ठरवले. तिथे जाणे वाटते तितके अवघड नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागले नाही तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे, टायर कुठेही घेतलेला असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोष नुसता पाहून कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो.

आपल्याच एका वकील पालकांना भेटलो. त्यांनी एकच विचारले, "सर, हवा शेवटची कधी तपासली होती?" आठवेना. मग टायर आतून नीट पाहिला. भिंतीच्या आत चारी बाजूंनी घासल्याचा काळा पट्टा आणि रबराचा भुगा होता. कंपनी खरेच सांगत होती. आम्ही तक्रार केली नाही.

विम्याचे थोडे मिळाले. सर्वसमावेशक पॉलिसीतही नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत देतात. मडगार्ड-बंपरसोबत ते निम्मे आम्हाला मिळाले, पण नो क्लेम बोनस गेला. हिशेब केला तर फार हाती लागले नाही. लहान नुकसानीत क्लेम करण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने करावा.

माणूस जखमी झाला किंवा गेला तर मात्र गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाताना एका गाडीचे मागचे चाक फुटले, गाडी दरीत गेली आणि आत बसलेले ३८ वर्षांचे गृहस्थ जागीच गेले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ साली कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी मंजूर केले. विमा कंपनी अपिलात म्हणाली, टायर फुटणे ही देवाची करणी. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मानले नाही. देवाची करणी म्हणजे ज्याला कोणीही माणूस जबाबदार नाही अशी नैसर्गिक घटना. टायर फुटणे हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, आणि तो का फुटला याचा पुरावा कंपनीने दिलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. अपील फेटाळले गेले.

हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा. आपल्या गाडीत शेजारची मुले बसली असतील तर 'टायरच फुटला हो, आम्ही काय करणार' हे उत्तर चालणार नाही. शाळेच्या बस ठेकेदारालाही आम्ही हा निकाल वाचून दाखवला आहे. विश्वस्त मंडळास विनंती की, दर सोमवारी टायरची हवा तपासून वहीत नोंद करण्याची अट नव्या करारात घालावी. आणि दुर्दैवाने कोणावर वेळ आलीच, तर पोलिसांत नोंद करून न्यायाधिकरणाकडे लवकर जावे. एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे.

तर टायर फुटल्यास तो सोडू नका. जागेवरच गाडीचे, टायरचे, चार आकड्यांचे आणि रस्त्याचे फोटो काढा, टायर डिकीत टाका, बिल शोधून ठेवा. कंपनीला तपासणीसाठी दिला तर पावती घ्या आणि अहवाल लेखी मागा.

आमचा तो टायर सध्या विज्ञान प्रयोगशाळेत खिडकीखाली ठेवला आहे. आतला काळा पट्टा ज्यांना पाहायचा असेल त्यांनी सुटीत कार्यालयीन वेळेत यावे. किल्ली शिपाईमामांकडे आहे.