लगाम आणि घोड्याचे तोंड

‘जिभेला लगाम घाला’ असे आपण सहज म्हणून जातो. हा वाक्प्रचार किती शब्दशः खरा आहे, हे घोड्याच्या तोंडात डोकावल्यावाचून कळत नाही. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बरीच मोकळी हिरडी असते. लगामाची लोखंडी दांडी, म्हणजे कडियाळे, नेमकी या जागेत जिभेवर आडवी बसते. नराला याच जागेत बहुधा सुळे असतात. कडियाळे त्यांच्या मागे राहावे लागते. ही जागा निसर्गाने मोकळी ठेवली नसती, तर घोड्याच्या तोंडात लोखंड घालण्याची कल्पना कोणाला सुचली असती की नाही, शंकाच आहे.

बाकीचे बहुतेक चामडे या एका लोखंडाच्या सेवेला असते. कानांमागून जाणारा पट्टा भार पेलतो, आणि त्याला दोन्ही गालांवरून आलेल्या पट्ट्यांनी कडियाळे टांगलेले असते. गालपट्ट्यांचे बक्कल एखादे भोक सरकवले की कडियाळे वरखाली होते. ओठांच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडाव्यात, इतपत ते वर हवे. सैल राहिले तर दातांवर आपटते आणि घोडा जीभ त्याच्यावरून काढून घेतो. फार ताणले तर ओठांचे कोपरे सोलवटतात. कपाळपट्टीचे काम एवढेच, की कानांमागचा पट्टा मागे घसरू नये. ती आखूड असली तर कानांच्या मुळाशी काचते, आणि घोडा डोके झाडू लागला की लोक त्याला खोडकर ठरवतात! गळ्याखालच्या पट्ट्यात चार बोटे उभी मावली पाहिजेत.

नाकपट्टीविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा सारा प्राणवायू नाकपुड्यांतून येतो. पट्टी नाकाच्या खालच्या मऊ भागावर उतरली की श्वासच अडतो. ती गालफडाच्या हाडाखाली दोन बोटे असावी, आणि नाकाच्या हाडावर तिच्याखाली दोन बोटे सहज शिरावीत.

काटेरी कडियाळ्यांना आपल्या देशात 1965 च्या नियमांनी बंदी आहे. साधे कडियाळेही आडदांड हाताखाली जखम करतेच. माथेरानला घोडा भाड्याने घेताना आपण खोगीर पाहतो, किंमत घासाघीस करून ठरवतो. त्याच वेळी ओठांच्या कोपऱ्यांकडेही नजर टाकावी. तिथे ओली किंवा जुनी जखम दिसली, तर आम्ही त्या घोड्यावर बसणार नाही.

लगाम उतरवताना कानांवरून पट्टा हलकेच पुढे घ्यावा आणि थांबावे. घोडा स्वतःच तोंड उघडून कडियाळे सोडतो. ओढून काढले तर ते दातांवर आदळते, आणि दुसऱ्या दिवशी तोच घोडा लगाम दिसताच मान उंच करतो.