स्मार्ट टीव्ही की लॅपटॉप? ओटीटीसाठी खर्च करण्यापूर्वी जाणून घ्या फरक

नवी दिल्ली : घरात सुस्थितीतील लॅपटॉप आणि एचडीएमआय जोडणीचा जुना टीव्ही असताना केवळ ओटीटीसाठी नवा स्मार्ट टीव्ही घ्यावा का, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे असतो. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने खरेदीचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र निर्णय केवळ किमतीवर घेणे योग्य ठरणार नाही.

पहिला मुद्दा चित्राच्या दर्जाचा. नक्कल रोखण्यासाठी ओटीटी कंपन्या चित्रपट सांकेतिक स्वरूपात, जणू कुलूपबंद करून पाठवतात. हे कुलूप उपकरणातील सुरक्षित चिपमध्ये उघडते की केवळ सॉफ्टवेअरमध्ये, यावर किती स्पष्ट चित्र द्यायचे हे ठरते. प्रमाणित स्मार्ट टीव्हीत ही व्यवस्था अंगभूत असते. लॅपटॉपवर मात्र ब्राउझरनुसार फरक पडतो. विंडोज लॅपटॉपवर क्रोममधून नेटफ्लिक्स कमाल १०८०पी दर्जाचे चित्र देते. ४के हवे असल्यास एज ब्राउझर, सक्षम प्रोसेसर आणि एचडीसीपी २.२ मानक पाळणारी जोडणी लागते. म्हणजेच दरमहा ६४९ रुपयांची प्रीमियम योजना घेऊन क्रोममधून पाहणाऱ्यास चित्र ४९९ रुपयांच्या योजनेइतकेच मिळते. १४९ रुपयांची मोबाइल योजना तर फोन आणि टॅबलेटपुरतीच असून ती टीव्ही वा लॅपटॉप दोहोंवर चालत नाही.

जोडणीचाही परिणाम होतो. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच जाते. ६० चौकटींसाठी २.० आवश्यक आहे. चित्रपटांत हा फरक फारसा जाणवत नाही, क्रिकेट सामन्यात जाणवू शकतो. इंटरनेट मंद असल्यास मात्र दोन्ही पर्याय सारखेच: नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार १०८०पीसाठी ५, तर ४केसाठी १५ एमबीपीएस वेग हवा.

लॅपटॉपची बाजू भक्कम ठरते ती टिकाऊपणात. टीव्हीचा पडदा अनेक वर्षे चालतो, पण त्यातील सॉफ्टवेअर आधी कालबाह्य होते. डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या स्मार्ट टीव्हींवरील नेटफ्लिक्स बंद झाले होते. लॅपटॉपचा ब्राउझर अद्ययावत करता येतो आणि कोणतेही संकेतस्थळ उघडता येते. अर्थात, विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. शिवाय रिमोटचा अभाव, मध्येच येणाऱ्या सूचना आणि मुलांच्या अभ्यासासाठी लागणारा लॅपटॉप अडकून पडणे, या व्यावहारिक अडचणी आहेतच.

गोपनीयतेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चालले आहे याची नोंद ठेवू शकतात. परवानगीविना अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने २०१७ मध्ये २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली होती. ही नोंद सेटिंग्जमधून बंद करता येते. टीव्ही सुरू करताना ‘सहमत’चे बटण दाबण्यापूर्वी ते तपासावे.

रोज संपूर्ण कुटुंब ओटीटी पाहत असेल आणि टीव्ही बदलायचाच असेल, तर स्मार्ट टीव्ही सोयीचा. अधूनमधून पाहणाऱ्यांना लॅपटॉप आणि एक केबल पुरेशी आहे. जुन्या टीव्हीचा पडदा चांगला असल्यास एचडीएमआयला जोडायची स्ट्रीमिंग स्टिक हा दोहोंमधील स्वस्त पर्याय ठरतो. ती कालबाह्य झाली तरी टीव्ही बदलावा लागत नाही.