ताजी बिअर विमानात का चढत नाही

म्युनिकच्या विमानतळावर दोन टर्मिनलांच्या मधल्या भागात 'एअरब्राउ' नावाची एक ब्रुअरी आहे. १९९९ पासून तिथे बिअर गाळली जाते. दोन वर्षांपूर्वी लेक मला घ्यायला आली होती, तेव्हा घरी जायच्या आधी आम्ही तिथे टेकलो. तांब्याच्या मोठ्या टाक्या, शेजारी लाकडी बाकं, बाकांखाली लोकांच्या बॅगा. फळ्यावर बिअरची नावं होती. साधी ती 'फ्लीगरक्वेल', गव्हाची ती 'कुमुलुस' म्हणजे ढग, आणि सगळ्यांत कडक ती 'एव्हिएटर'. पोरगी टाकीकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, ही इथेच होते. त्या टाकीतून ह्या नळात."

ते वाक्य मी पुण्याला, बावधनला घेऊन आले. आमच्या घरापासून लोहगावचा विमानतळ वीसेक किलोमीटर. पहाटेचं विमान असलं की चांदणी चौकातून रिकाम्या रस्त्यांनी शहर ओलांडायचं. ज्या शहरात देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक उभी राहिली, त्या शहरातली बिअर विमानात का मिळत नाही, ह्याचा शोध मी त्यानंतर घेत राहिले.

सुरुवात पुण्यापासूनच करायला हवी. २००९ साली मोहम्मदवाडी-उंड्री भागातल्या 'कोरिंथियन्स'मध्ये 'डूलाली' सुरू झाली. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे तिचे संस्थापक, आणि बिअर बनवायला जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शाउफ. नाव मात्र अस्सल नाशिककडचं. देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन्‌महिने वाट बघून गोऱ्या शिपायांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडा असा शब्द रूढ झाला. पुढे मुंढव्यात 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी' आली, 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' आली. तिकडे डोंबिवलीत 'गेटवे ब्रुइंग'ने २०१४ मध्ये बिअर पिंपांत भरून मुंबईच्या बारना पुरवायला सुरुवात केली. हे पिंप महत्त्वाचं आहे, त्याकडे पुन्हा येते.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा नाकाने जास्त कळलं. पुण्याजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत मी सकाळी सातला पोचले तेव्हा भरडलेलं माल्ट गरम पाण्यात पडत होतं. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं जव. पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात ते तासभर भिजतं, पिठूळ भागाची साखर होते आणि सगळीकडे नाचणीच्या सत्त्वासारखा वास सुटतो. मला तर लेकीचं लहानपण आठवलं. गोड पाणी गाळून उकळतात, त्यात हॉप्सची फुलं पडतात, ती कडवटपणा आणि सुगंध देतात. मग थंड करून यीस्ट. चोथा एका टेम्पोत भरला जात होता. टेम्पोवाला गोठ्याचा मालक, त्याच्या म्हशी ह्या चोथ्यावर खूश असतात म्हणाला. टाकीच्या नळीचं तोंड पाण्याच्या बादलीत सोडलेलं होतं आणि त्यातून बुडबुड, बुडबुड असा एकसारखा आवाज येत होता.

"ताई, हा आवाज थांबेपर्यंत मला झोप नीट लागत नाही," ब्रुअर म्हणाला. तिशीचा मुलगा, पायात गमबूट. "आणि तयार झाली की दुधासारखी सांभाळायची. गरम झाली की गेली."

सगळी मेख ह्या 'दुधासारखी'मध्ये आहे. कारखान्यातली नेहमीची लागर बिअर गाळून, पाश्चराइझ करून बाटलीत भरतात. ती गोदामात, ट्रकमध्ये, उन्हात तग धरते. ब्रुअरीतली ताजी बिअर बहुतेक वेळा न गाळलेली असते, तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांत उतरायला लागतो. विमानाच्या खानपानाची साखळी नेमकी उलट्या स्वभावाची. माल आठवडे आधी गोदामात येतो, ट्रॉलीत भरला जातो, धावपट्टीवरच्या उन्हात उभा राहतो, एका बाजूचा प्रवास करून उरला तर परत येतो. तिथे टिकाऊ मालच लागतो. डोंबिवलीचं पिंप मुंबईच्या बारपर्यंत थंड राहू शकतं. विमानाच्या पोटात ते कोण थंड ठेवणार?

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती आपल्याकडे फार खोल गेलेली आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. फ्रॅम नसरवानजी बलसारा ह्या पारशी गृहस्थांनी त्याला आव्हान दिलं आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं वगळून तो कायदा उचलून धरला. दारू ही राज्यांच्या सूचीतली बाब, हे पक्कं झालं. बंदी पुढे सैल झाली, पण 'परमिट रूम' ही पाटी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर राहिली. राज्य बदललं की परवाना, कर, लेबल, वयाची अट सगळं बदलतं. आपल्याकडे बिअरला २१ वर्षं आणि कडक दारूला २५. गोव्याहून येताना बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवून डिकी उघडायला सांगतात, ते ह्याच हद्दीमुळे. छोट्या ब्रुअरीला आपल्याच राज्यात माल हलवताना घाम फुटतो. चार राज्यांवरून उडणाऱ्या विमानात तिने माल कसा चढवायचा?

शिवाय देशांतर्गत विमानात दारू देताच येत नाही. ह्या नियमाचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपण डोळ्यांनी बघितलं. ९ मे २००५ रोजी मुंबईहून दिल्लीला 'किंगफिशर एअरलाइन्स'चं पहिलं विमान उडालं. बिअरच्या नावाची विमान कंपनी, शेपटीवर बिअरच्या बाटलीवरचाच पक्षी, आणि आत सरबत. २००८ मध्ये बंगळूर-लंडन सुरू झालं तेव्हा कुठे त्या नावाच्या विमानात ती बिअर देता आली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सगळंच थांबलं. पगार न मिळालेल्या कर्मचाऱ्यांची आठवण पुसता येत नाही, म्हणून त्या कंपनीविषयी हलकं काही लिहावंसं मला वाटत नाही.

मग उरतात परदेशी जाणारी विमानं आणि ड्यूटी फ्री. तिथला हिशेब मी कागदावर मांडून बघितला. भारतात उतरताना माणशी २ लिटर दारू करमुक्त आणता येते, मग ती व्हिस्की असो, वाइन असो की बिअर. ३३० मिलीचे सहा कॅन म्हणजे १९८० मिली. म्हणजे ज्याला बिअर आवडते त्याचा अख्खा कोटा सहा कॅनमध्ये संपतो, आणि व्हिस्कीवाला दोन मोठ्या बाटल्या घेऊन निघतो. नियम लिटर मोजतो, मद्यार्क मोजत नाही. ड्यूटी फ्रीच्या फळ्यांवर बिअरला कोपरा का मिळतो, ह्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पण मला सगळ्यांत गुंतवलं ते चवीने. जमिनीवर आवडलेली बिअर वर गेल्यावर पचपचीत का लागते?

जर्मनीत होल्त्सकिर्खेन इथे फ्राउनहोफर संस्थेकडे एक मोठी लांबट टाकी आहे आणि तिच्या आत एअरबस ए-३१० विमानाचा खराखुरा पुढचा भाग बसवलेला आहे. टाकीतली हवा विरळ करायची, आर्द्रता उतरवायची, इंजिनाचा आवाज लावायचा, आणि माणसांना आत बसवून खायला-प्यायला द्यायचं. लुफ्थान्साला एक कोडं पडलं होतं, की विमानात लोक एवढा टोमॅटोचा रस का मागतात. २०१० च्या सुमारास तिथे झालेल्या चाचण्यांत दिसलं, की मीठ साधारण २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते. आंबट, कडू आणि तिखट मात्र जवळजवळ तसंच राहतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात नुसत्या आवाजाचा परिणाम तपासला. केबिनसारख्या गोंगाटात गोड दबतं आणि टोमॅटोतली ती उमामी चव वर येते.

केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तशी विरळ, आणि आर्द्रता बहुतेकदा २० टक्क्यांच्या खाली. नाक कोरडं पडतं. बिअरची निम्मी मजा नाकात असते, हॉप्सचा संत्र्यासारखा, पाइनसारखा, फुलांसारखा वास. तो वास गेला की मागे नुसता कडवटपणा उरतो. दाब कमी म्हणून वायूही लवकर सुटतो. हवाई सुंदरी पेला तिरका धरून कॅन अगदी हळू ओतते, क्षणभर थांबते, पुन्हा ओतते, तरी फेस काठावर येतोच. आपल्या हाती येईपर्यंत तो बसलेला असतो.

ह्यावर डोकं लावणारे लोक आहेत. २०१४ च्या सुमारास एसएएस ह्या स्कँडिनेव्हियन कंपनीने डेन्मार्कच्या 'मिकेलर'कडून विमानासाठी बिअर करून घ्यायला सुरुवात केली. केएलएमने २०१६ मध्ये हाइनिकेनबरोबर नळाची बिअर विमानात नेली. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर विमानात चालत नाही, म्हणून हवेच्या दाबावर चालणारी ट्रॉली बनवली आणि पिंप जमिनीवरच गार करून चढवलं. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये आपल्या शंभरीला 'ब्रूडॉग'बरोबर 'स्पीडबर्ड १००' काढली. मला सगळ्यांत जवळची वाटते ती कॅथे पॅसिफिकची 'बेट्सी', २०१७ ची. त्यांच्या १९४६ च्या पहिल्या डीसी-३ विमानाचं नाव बेट्सी. त्या बिअरमध्ये इंग्लंडची फगल हॉप्स तर होतीच, पण हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधला मध आणि लाँगन हे लिचीच्या कुळातलं फळही होतं. आपल्या मातीतलं फळ घालून त्यांनी आकाशातल्या चवीचा प्रश्न सोडवायला घेतला.

इथे मला बावधन दिसायला लागलं. आमच्या चौकातून पौड रस्ता निघतो, तो मुळशी धरणावरून ताम्हिणी घाट उतरून माणगावला, कोकणात जातो. मे महिन्यात ह्याच रस्त्याच्या कडेला मुळशीकडच्या बाया पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात. घाटाखालून आमसुलं येतात. आंबट फळांचा असा रस्ता दारात असताना आपली विमानातली बिअर कडूच का असावी? आंबट वर जाऊनही टिकतं, हे तर जर्मनांनीच मोजून ठेवलंय.

आणि ही निव्वळ कल्पना नाही. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट'ने मीठ घातलेली कोकमाची एल केलेली आहे. जर्मनीत लाइपझिगकडे 'गोझे' नावाची जुनी बिअर आहे, धने आणि मीठ घातलेली, आंबटसर. आपली सोलकढी पिणाऱ्याला ती पहिल्या घोटात कळते. गोव्यात छोट्या ब्रुअरींनी कॅन आणि बाटल्यांचं तंत्र लवकर हाती घेतलं. दोडामार्गच्या हद्दीला लागून असलेल्या लाटंबार्से गावात 'माका दी' होते. 'गोवा ब्रुइंग'ची 'एट फिंगर एडी' तर हणजुण्याच्या एका हिप्पीच्या नावाने. मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तो ह्या सगळ्यांच्या अंगणात आहे. लोहगावचं नवं टर्मिनल २०२४ च्या जुलैत सुरू झालं. ह्या दोन्ही ठिकाणी प्रवाशाला आधी आसपासच्या गावांतली बिअर दिसावी, तिच्या बॅचची तारीख फळ्यावर खडूने लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं. विमानात चढणं तिला जड जाईल. विमानतळापर्यंत तर ती टेम्पोने गार राहून पोचू शकते.

ह्या वर्षी लेकीकडे निघाले तेव्हा मी एक प्रयोग ठरवला होता. हातातल्या पर्समध्ये, १०० मिलीच्या बाटलीत, कोकमाचं आगळ. साखर नाही, नुसतं कोकम आणि मीठ. सुरक्षातपासणीतल्या मुलाने पारदर्शक पिशवी उजेडात धरून विचारलं, "मावशी, हे काय?" मी सांगितलं, "सोलकढीचं." तो हसला आणि पिशवी परत दिली.

अरबी समुद्रावर कुठेतरी मी लागर मागितली. पहिला घोट तसाच घेतला. पातळ, कडवट, वास जवळजवळ नाहीच. मग बाटलीच्या झाकणाएवढं आगळ पेल्यात सोडलं. फेस गुलाबी झाला, बुडबुडे तळातून नव्याने उसळले. दुसरा घोट घेतला आणि मी चमकले. आंबटपणा जिभेच्या कडांना लागला, त्याच्या मागून जवाचा गोडवा आला, मीठ असं वेगळं कळलंच नाही. शेजारचे गृहस्थ पेल्याकडे बघत होते, त्यांनाही घोटभर दिली. त्यांनी पेला खाली ठेवून विचारलं, हे कुठे मिळतं.

दुसऱ्या संध्याकाळी म्युनिकला लेकीच्या स्वयंपाकघरात तेच माप केलं. तशीच लागर, तेवढंच आगळ, तसाच गुलाबी फेस. तिने मोठ्या उत्साहाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, केवढं खारट केलंयस!"

मी चाखून बघितली. खरंच खारट होती.

"काल वर अगदी बेताचं होतं गं," मी म्हणाले, आणि तिच्या पेल्यात आणखी थोडी बिअर ओतली.