पायाशी ठेवलेले जोडे

रोमन ब्रिटनच्या खेड्यातली कबर उघडली की बहुधा एक सांगाडा, लाकडी पेटीचे खिळे आणि क्वचित एखादे मडके एवढेच हाती लागते. त्यावरून ‘गरीब बिचारे’ म्हणून मोकळे होणे सोपे. मला ते घाईचे वाटते. दहन मागे पडून पुरण्याची चाल रूढ झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या शतकांतल्या कित्येक कबरींत पायांपाशी बारीक लोखंडी खिळ्यांचे पुंजके आढळतात. हे जोड्यांच्या तळाचे खिळे. कातडे कुजले, लोखंड उरले. मग कापड, अन्न, फुले यांचा मागमूस राहिला नाही म्हणून ती कबर रिकामीच होती, असे कसे म्हणावे?

यावर आक्षेप असा की माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी पुरला, जोडे ओघानेच आले. काही कबरींत तसे असेलही. पण जिथे ते पायांत नसून शेजारी ठेवलेले आहेत, तिथे कुणाचा तरी हेतू उघड दिसतो. तो परलोकीच्या वाटचालीचा असावा, हे शक्य आहे; सिद्ध नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. केंब्रिजशरमधल्या सॉमरशॅम गावाजवळ नॉब्स फार्म इथे ५२ मृतांपैकी १७ जणांची शिरे धडावेगळी केलेली होती; तिथे कसली आली आस्था? संशोधकांनी हा देहदंड असावा असे म्हटले आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. तरीही या शिरच्छेद झालेल्यांना इतरांच्याच दफनभूमीत जागा मिळाली, आणि काहींच्या डोक्याच्या जागी मडकीही ठेवली गेली.