पुढे आलेले दात

‘मुलीचे दात पुढे आहेत’ या एका वाक्यावर आमच्या बीड जिल्ह्यात स्थळं परत गेलेली मी पाहिली आहेत. मुलाचे दात मात्र कुणी बघत नाही. मग लग्न ठरलं की दोन महिन्यांत दात आत घ्या म्हणून दवाखान्यात घाई सुरू होते.

घाईत होतं ते एकच : चांगले दात घासून त्यांवर कॅप बसवणं. फार पुढे आलेल्या दाताची कधी नसही काढावी लागते. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. धडधाकट दातासाठी हा सौदा मला महागाचा वाटतो.

तारांचं काम सावकाशीचं. हलका दाब सतत राहिला की पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं आणि दात सरकतो. त्याला दीड-दोन वर्षं लागतात. जागा नसेल तर दोन्हीकडची एकेक छोटी दाढ काढतात. नंतर रिटेनर वापरला नाही तर दात पुन्हा पुढे निघतात. अकरा-बारा ते चौदा हे वय सोयीचं. पण हिरड्या निरोगी असतील तर चाळिशीतही तारा लावता येतात.

मुळात गरज आहे का? वरचे दात दोन-तीन मिलिमीटर पुढे असणं नेहमीचंच. अंतर सहाच्या वर गेलं, तर सायकलवरून पडल्यावर तेच दात आधी तुटतात. ओठ सहज मिटत नाहीत. प, ब, म म्हणताना ओढाताण होते. कवीचं लक्ष तिकडे जाणारच!

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा या पारशी मुलाला दातांवरून ‘बकी’ म्हणत. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. आवाज बिघडेल या भीतीनं त्यानं 1991मध्ये मरेपर्यंत दात तसेच ठेवले. दात त्याचे, निर्णयही त्याचा. आपल्याकडे मुलीला विचारतं कोण?

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पण साधारण दर महिन्याला फेरी लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी डॉक्टरांना आधीच सांगावं, की दिवाळीच्या सुमारास आम्ही कारखान्यावर जाणार. तारा लावून सहा महिने तपासणी चुकली तर दात किडतात, हिरड्या सुजतात. मूल आजीपाशी राहणार असेल, तर पहिल्याच फेरीला आजीला सोबत न्यावं.