टाकाऊ कागद, चिंचोके आणि बांबू : लगदाकामाचे साहित्य घरच्या घरी

चंद्रपूर - कागदाच्या लगद्यापासून मुखवटे, मुकुट, टोपल्या आणि शोभेच्या वस्तू तयार होतात. मात्र बाजारातील तयार गोंद व रंगांची किंमत पाहून अनेक शाळा आणि हौशी मंडळे या कलेपासून दूर राहतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत यासाठी लागणारे बहुतेक साहित्य घरात किंवा आठवडी बाजारात मिळू शकते. झाडीपट्टी रंगभूमीच्या या प्रदेशात हलक्या, स्वस्त मुखवट्यांचा उपयोगही मोठा आहे.

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे जाळे होय. बल्लारपूरच्या कागद कारखान्यामुळे बांबूपासून कागद बनतो, ही बाब येथील लोकांना नवी नाही. पाण्यात भिजवल्यावर हे तंतू पुन्हा मोकळे होतात आणि त्यांचाच लगदा बनतो. वर्तमानपत्राची रद्दी त्यासाठी योग्य ठरते. तिच्यात जुन्या वह्यांचा कागद मिसळल्यास वस्तू अधिक चिवट होते. गुळगुळीत मासिकांचा कागद मात्र टाळावा. कागदाचे तुकडे २४ तास भिजवून, थोडे उकळून वाटावेत आणि फडक्यात घट्ट पिळून घ्यावेत.

खरा प्रश्न असतो तो चिकटविण्याच्या खळीचा. १ वाटी तांदळाचे पीठ किंवा मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून ४ ते ५ वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत शिजवावा. उष्णतेने पिठातील स्टार्च फुगतो आणि खळ तयार होते. दुसरा पर्याय चिंचोक्यांचा. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून वाटावेत व शिजवावेत. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी पूर्वी कापडावर हीच खळ वापरली जात असे. लगद्यात थोडी मेथीपूड घातल्यास चिकटपणा वाढतो.

साच्यासाठी मडके किंवा बांबूची टोपली चालते. त्यावर आधी तेलाचा हात फिरवावा, म्हणजे वस्तू सहज सुटते. कागदाच्या पट्ट्या कापण्याऐवजी फाडाव्यात; फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळतात. एक थर आडवा, दुसरा उभा द्यावा. पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी खडूची भुकटी खळीत कालवून लावावी. रंगासाठी गेरू, चुना आणि काजळी पुरेशी आहे.

पिठाची खळ हे कीटकांचे व बुरशीचे खाद्य असते. त्यामुळे पावसाळ्यातील दमट हवेत काम टाळलेले बरे. मे महिन्याच्या कडक उन्हात वस्तू एकदम वाळवल्यास ती वाकडी होते. आधी सावलीत, मग उन्हात वाळवावी. खळीत थोडी तुरटी किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा काढा घालावा. बुरशी रोखण्यासाठी वापरले जाणारे मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात मुळीच वापरू नये.

या साहित्याची एक मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. कागदी लगद्याच्या गणेशमूर्तींना प्रोत्साहन देणाऱ्या राज्य शासनाच्या २०११ च्या निर्णयाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये स्थगिती दिली. छापील कागदाचा लगदा पाण्यात विरघळत नाही. तो विखुरतो आणि शाईतील घटकही पाण्यात जातात. म्हणून विसर्जनाच्या मूर्तीसाठी शाडूची किंवा साधी माती वापरावी. लगद्याच्या वस्तू जपून ठेवण्यासाठीच कराव्यात. नीट वाळवून वर वॉर्निशचा हात दिल्यास त्या अनेक वर्षे टिकतात.