देवदूतांच्या गाण्याला माणसांची झील

नाताळ जवळ आला की बाजारातील शुभेच्छापत्रांवर पंखांची गोजिरवाणी बाळे दिसू लागतात. कोणाच्या हाती तुतारी, तर कोणाच्या हाती एखादे तंतुवाद्य. ती पाहून आपल्यापैकी पुष्कळांचा असा ग्रह होतो की, आपल्याकडे जसे गंधर्व तसे ख्रिस्ती लोकांकडे देवदूत. ह्या बाळांनी मोठाच घोटाळा केला आहे. इटलीतील चित्रकारांनी ती जुन्या रोमन शिल्पांतील मदनबाळांवरून घेतली. बायबलात देवदूत प्रकट होतो तेव्हा पाहणाराची बोबडी वळते आणि बहुधा देवदूतालाच त्याला आधी धीर द्यावा लागतो. ख्रिस्ती उपासनेत देवदूताचे जे स्थान आहे ते ह्या चित्रांवरून मुळीच कळावयाचे नाही. ते स्थान गाण्यात आहे, आणि म्हणूनच आम्हा गाणाऱ्यांनी त्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते.

मूळ कथा यशया संदेष्ट्याची आहे. उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशयाला उंच सिंहासनावर परमेश्वराचे दर्शन घडले. भोवती सराफीम उभे होते. प्रत्येकाला सहा पंख. दोहोंनी तोंड झाकलेले, दोहोंनी पाय झाकलेले, आणि दोहोंनी ते उडत होते. ते एकमेकांना हाक घालून देवाचे पावित्र्य गात होते. ‘पवित्र’ हा एकच शब्द तीन वेळा उच्चारावयाचा, एवढाच त्या गाण्याचा गाभा. त्या आवाजाने दाराचे उंबरे हालले आणि मंदिर धुराने भरून गेले. ज्यू लोकांच्या प्रार्थनेत हे गाणे आहे, आणि ख्रिस्ती उपासनेतही ते फार प्राचीन काळापासून आहे.

कॅथलिकांच्या मिस्सेत त्याची जागा पाहण्यासारखी आहे. भाकर व द्राक्षारस वेदीवर ठेवले आहेत. त्यांच्यावरील मुख्य प्रार्थना आता सुरू व्हावयाची आहे. धर्मगुरू आभाराचे एक लांब वाक्य सुरात म्हणतो आणि त्याच्या शेवटी देवदूतांची नावे घेतो. भाव असा की, ते गातच आहेत, त्यांच्या आवाजात आमचाही आवाज मिळू दे. लगेच सारी मंडळी ‘पवित्र’ म्हणू लागतात. ह्यातील खुबी लक्षात यावी म्हणून आपल्या अखंड हरिनाम सप्ताहाची आठवण करून देतो. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्यरात्री येणारा माणूस भजन ‘सुरू’ करीत नाही, चालू भजनात उभा राहतो. मिस्सेतील माणसेही तशीच आलेली असतात. वीणा देवदूतांच्या गळ्यात आहे.

ह्याच गाण्याचा उत्तरार्ध मात्र देवदूतांचा नाही. येशू गाढवीच्या शिंगरावर बसून यरुशलेम शहरात शिरला तेव्हा रस्त्यातल्या गर्दीने जो जयजयकार केला, तो येथे जोडलेला आहे. म्हणजे अर्धे गाणे सिंहासनाजवळचे आणि अर्धे रस्त्यावरचे! ज्या कोणी ही सांगड घातली त्याच्या कानाला दाद दिली पाहिजे.

सराफीम एकमेकांना हाक घालतात, ह्या गोष्टीतून गायनाची एक पद्धतच निघाली असे ख्रिस्ती परंपरा मानते. पाचव्या शतकातील सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकाराने (तो ग्रीक तत्त्वज्ञ हा नव्हे) लिहून ठेवले आहे की, अंत्युखियाच्या इग्नातियस ह्या धर्माध्यक्षाला देवदूत आळीपाळीने गाताना दिसले, आणि त्याने आपल्या चर्चमध्ये दोन तट करून गाण्याचा प्रघात पाडला. कथा खरी मानावी की न मानावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु कीर्तनात किंवा पोवाड्यात झील धरणारे उभे राहिले म्हणजे मुख्य गायकाच्या आवाजाला जी पाठ मिळते ती ज्याने ऐकली आहे, त्याला ह्या कल्पनेचे नवल वाटणार नाही.

आता गंधर्वांशी फरक कोठे पडतो तो पाहू. आमचे गंधर्व इंद्राच्या सभेत गातात. तेथे सभा आहे, रसिक आहेत, दाद आहे. बडोद्याच्या कलावंत कारखान्याच्या गोष्टी ऐकत जे वाढले, त्यांना ही सभा चांगली समजते. कोणी कोणापुढे, कोणत्या वेळी गावयाचे ह्याला तेथे केवढे महत्त्व! देवदूतांच्या गाण्याला श्रोतृवर्गच नाही. तेथे जो येतो तो गाणारातच जमा होतो. शिवाय देवदूत स्वतः पूजेचा विषय नाही. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात योहान देवदूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा देवदूतच त्याला अडवतो आणि आपण तुझ्याबरोबरचेच दास आहोत असे बजावतो. चौथ्या शतकात लावदिकियाच्या धर्मसभेने देवदूतपूजेला बंदी केली. पुढे ७४५ साली रोमच्या सभेने अनोळखी देवदूतांची नावे घेऊन प्रार्थना करणाऱ्या एका पाद्र्याला दोषी ठरविले. रोमन चर्च मीखाएल, गब्रिएल व राफाएल ही तीनच नावे मानते. त्यांचा सण २९ सप्टेंबरला असतो. ह्या तिघांकडे मध्यस्थीची विनंती करतात, आराधना मात्र देवाचीच.

पूर्वेकडील ग्रीक व रशियन परंपरेने हा धागा आणखी पुढे नेला. तेथे भाकर व द्राक्षारसाची मिरवणूक वेदीकडे निघते त्या वेळी करूबीमांचे गीत गातात. बिझँटाइन सम्राट दुसरा जस्टिन ह्याच्या काळी, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते उपासनेत आले. त्यात गाणारे स्वतःविषयी असे म्हणतात की, ह्या घडीला आम्ही गूढपणे करूबीमांच्या जागी उभे आहोत, तेव्हा संसाराची काळजी बाजूला ठेवू या. चाल अतिविलंबित, एकेका अक्षरावर आलाप चालावा अशी. आणि वाद्य नाही. जुन्या पूर्वेकडील परंपरेत मानवी कंठाखेरीज काही चालत नाही. बीन वा सारंगीच्या सहवासात वाढलेल्या कानाला आधी ते सुने वाटते, मग वाटेनासे होते.

पश्चिमेकडे मात्र ह्या गाण्याचे नशीब फिरले, आणि माझ्या मते ह्या विषयातला खरा कळीचा भाग हाच आहे. लॅटिन मिस्सेतील ‘पवित्र’ची जी अतिशय जुनी चाल आज उपलब्ध आहे ती मोजक्या स्वरांत हिंडते. धर्मगुरूच्या आधीच्या पठणाचा जो सूर, त्यातूनच ती सरळ निघते. सांधा कळतसुद्धा नाही. अडाणी माणसाने एकदा ऐकून दुसऱ्यांदा म्हणावी इतकी ती सोपी आहे. पुढे तयार गवयांचे ताफे आले, अनेक आवाजांची गुंफण आली. गाणे इतके लांबले की धर्मगुरूने आपली मुख्य प्रार्थना हळू आवाजात उरकून घ्यावी आणि वर गायकवृंदाचे चालूच राहावे! शेवटी त्याचे दोन तुकडे करून एक आधी व एक नंतर गाण्याची वहिवाट पडली. माणसे गप्प बसून ऐकू लागली. जेथे श्रोते नसावयाचे तेथे सभा भरली.

ह्या काळात संगीत किती उंचीला गेले हे सांगावयास नकोच. बाखने १७२४ च्या नाताळासाठी केलेले ‘सांक्तुस’ ऐकावे. सहा आवाज, तीन तुताऱ्या, तीन ओबो. सराफीमांच्या सहा पंखांशी त्या सहा आवाजांचे नाते जाणकार जोडतात. पुढे हीच रचना त्याने आपल्या बी मायनर मिस्सेत घेतली. ऐकताना उंबरे हालल्याचा भास होतो. पण त्यात सामान्य भाविकाला शिरावयाला जागा कोठे आहे? उत्तम गाणे सामान्यांचे तोंड बंद करते, हा अनुभव संगीताच्या प्रत्येक शिक्षकाला येतो. वर्गात एक तयार गळ्याचा मुलगा आला की बाकीचे तीस गाणे सोडून ऐकू लागतात.

दहाव्या पायस पोपने १९०३ साली चर्चमधील संगीताविषयी फर्मान काढले, त्यात लोकांच्या तोंडी पुन्हा गाणे द्यावे असे सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ च्या सूचनापत्रात तर ‘पवित्र’ हे सामान्यतः सर्व मंडळींनी धर्मगुरूसह म्हणावे असा स्पष्ट निर्देश आला. मिस्सा देशी भाषांत होऊ लागल्या, मराठीतही. पुष्कळ जुन्या चाली त्या धांदलीत मागे पडल्या, आणि त्यांच्या जागी आलेल्या काही चाली ऐकवत नाहीत, हे मी लपवीत नाही. तरीही ज्याचे गाणे त्याला परत मिळाले, हा हिशेब मला अधिक मोलाचा वाटतो. तयार गळ्याने पुढे उभे राहावे, झील सर्वांची असावी.

आपल्या भाषेचाही ह्या प्रकरणाशी जुना संबंध आहे. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले आणि मरियेकडे व मेंढपाळांकडे आलेल्या देवदूतांची कथा मराठी ओवीत आली. गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांत मुले पिढ्यान् पिढ्या स्वरलिपी व व्हायोलिन शिकली. त्यांतलेच वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. मेंढपाळांना देवदूतांनी ऐकविलेल्या वाक्याने सुरू होणारे ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र मिस्सेत असते, पण नाताळाआधीच्या आगमनकाळात व ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत रविवारीही ते गात नाहीत. पवित्र गुरुवारी संध्याकाळी एकदा ते म्हणतात, तेव्हा घंटा वाजतात. नंतर घंटा मुक्या. गोव्यात त्या दिवसांत लाकडी खटखटे वाजवितात. शनिवारी रात्री अंधारातल्या चर्चमध्ये मेणबत्त्या लागतात, वाचने होतात, आणि मग कोणीतरी ‘ग्लोरिया’ उचलतो. तत्क्षणी सगळ्या घंटा एकदम सुरू होतात.